सातवीची मुलगी, दुसरीचं पान

आमच्या शाळेचा आठवीचा निकाल त्या वर्षी इतका वाईट लागला की गावातल्या लोकांनी रागावणंही सोडून दिलं. कोणी भांडायला आलं असतं तर एक वेळ बरं वाटलं असतं. पण कोणी आलंच नाही. ज्यांना जमलं त्यांनी मुलांची नावं काढून सौंसरच्या खाजगी शाळेत घातली. ज्यांना जमलं नाही त्यांनी "आपल्या पोट्ट्यायच्या डोक्यातच नाही" म्हणून विषय संपवला.

मी तिथं सहावी ते आठवीला हिंदी शिकवते. शाळा सरकारी, पहिली ते आठवी, हिंदी माध्यमाची. गाव हिंदी राज्याच्या सीमेवरच्या मराठी पट्ट्यात, सौंसरहून लोधीखेड्याच्या अंगाला, मोठ्या रस्त्यापासून थोडं आत. आम्ही पाच शिक्षक आणि सहावे प्रधानपाठक, ज्यांना मुलं आणि मुलांचे आईबाप सगळेच 'बडे सर' म्हणत. मी मूळची पांढुर्ण्याची, लग्न होऊन सौंसरला आलेली. घरी बोलायचं मराठी आणि शाळेत लिहायचं हिंदी, ही कसरत मी सहाव्या वर्षापासून करत आलेय. इतकी वर्षं केली की ती कसरत आहे हेच मी विसरून गेले होते.

निकालानंतर बडे सरांनी बैठक घेतली. आम्ही सगळे तयारीनंच गेलो होतो. गणित-विज्ञानाचे सर म्हणाले, मुलांना साधा भागाकार येत नाही, पाचवीपर्यंत काय शिकवलं कोण जाणे. पाचवीच्या सरांनी तिसरीचं नाव घेतलं. तिसरीच्या मॅडम म्हणाल्या, माझ्याकडे येतात तेव्हा अर्ध्यांना मात्रा येत नाहीत. मग सगळ्यांनी पहिलीच्या मॅडमकडे पाहिलं. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, "आता मी अंगणवाडीचं नाव घेऊ का?"

आम्ही हसलो. बडे सरही हसले, पण लगेच थांबले. म्हणाले, "म्हणजे आपल्यापैकी कोणालेच माहीत नाही, कोणत्या पोराले नेमकं काय येते. आपल्याले वर्ग माहीत हायेत. पोरं माहीत नाहीत."

निवृत्तीला दोन वर्षं उरलेला माणूस. या वयात लोक सेवापुस्तिका नीट करून घेतात. यांनी दुसऱ्याच दिवशी फर्मान काढलं की आज कोणी शिकवणार नाही. आज प्रत्येक मूल एकेकटं येईल, दुसरीच्या पुस्तकातलं एक पान वाचून दाखवेल, आणि आपण ऐकू.

"आठवीच्या मुलांनीही?" विज्ञानाच्या सरांनी विचारलं.

"आठवीच्याही."

व्हरांड्यात अंतरा-अंतरानं सहा खुर्च्या मांडल्या. माझ्या वाट्याला सातवी आली. मला वाटलं, तासाभरात आटपेल.

पहिल्या चार-पाच मुलांनी वाचलं. कोणी भरभर, कोणी बोट ठेवून. मग एक मुलगी आली, माझी सगळ्यात लाडकी. तिचं अक्षर म्हणजे छापल्यासारखं. फळ्यावर मी जे लिहीन ते ओळ न् ओळ तिच्या वहीत. समास सरळ, शीर्षकाखाली पट्टीनं रेघ. दुसऱ्या मुलांना मी तिची वही दाखवायचे. तिच्या वहीत माझ्या लाल पेनानं जागोजागी 'बहुत सुंदर' लिहिलेलं होतं.

मी पुस्तक तिच्यासमोर धरलं. पानावर चिमणीचं चित्र होतं. तिनं चित्राकडे पाहिलं आणि स्वच्छ आवाजात चिमणीची कविता म्हणायला सुरुवात केली. कविता छान होती. फक्त त्या पानावर ती नव्हती.

मला आधी वाटलं, घाईत चूक झाली असेल. मी पान उलटलं. पुढच्या पानावर चित्र नव्हतं, चार ओळी होत्या. "हे वाच."

तिनं पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं. 'क' म्हणाली. मग 'म'. मग 'ल'. तीन अक्षरं वेगवेगळी ओळखली, पण ती मिळून 'कमल' होतात हे तिला कुठंच दिसत नव्हतं. कपाळावर घाम आला होता. मी पुस्तक मिटलं.

"मॅडम," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "फळ्यावरचं लिहिता येते मले. सगळं येते. तुमी लिहा ना फळ्यावर."

तिनं जाता जाता मागं वळून विचारलं, "कोनाले सांगसान तं नाही ना?"

त्यानंतरच्या मुलांनी काय वाचलं ते मला आठवत नाही. वर्षभर ती माझ्यासमोर पहिल्या रांगेत बसत होती. ती अक्षरांची चित्रं काढत होती आणि मी त्या चित्रांना गुण देत होते. वाचायला उभं करायची वेळ आली की मी मागच्या रांगेतल्या मुलांना करायचे, कारण हिला तर येतंच.

दुपारी बडे सरांनी सगळ्यांचे कागद गोळा केले. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला त्यांनी चार रकाने आखले. अक्षर न येणारे, अक्षर येणारे पण शब्द न येणारे, वाक्यापर्यंत येणारे, आणि परिच्छेद वाचणारे. मग एकेका मुलाचं नाव त्या त्या रकान्यात लिहीत गेले. प्रत्येक रकान्यात तिसरीचेही होते आणि सातवीचेही. मी त्या मुलीचं नाव सांगताना अडखळले. त्यांनी वर पाहिलं आणि दुसऱ्या रकान्यात नाव लिहिलं.

दुसऱ्या दिवसापासून प्रार्थनेनंतरचा सव्वा तास सगळ्या शाळेत वर्ग नव्हते, गट होते. प्रत्येक शिक्षकाकडे एक गट, मोठ्या गटाला दोघं. अक्षर न येणारा गट बडे सरांनी स्वतःकडे घेतला. "सगळ्यात अवघड काम हाय, म्हणून पगार जास्त असणाऱ्यानं करायचं," ते म्हणाले. दुसरा गट मी मागून घेतला. विज्ञानाच्या सरांना वाक्यवाला गट मिळाला. ते माझ्याजवळ येऊन पुटपुटले, "एमएस्सी करून आता 'राम घर जा' शिकवायचं."

पहिले चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी ती मुलगी आली नाही. सहाव्या दिवशीही नाही. कारण मला कळत होतं. माझ्या गटात तिसरीची मुलं होती, आणि त्यांत तिची सख्खी धाकटी बहीण होती. धाकटीची अक्षरं आधीच जुळायला लागली होती. ती मोठ्यानं वाचायची आणि मोठीकडे अभिमानानं बघायची. त्या लेकराचा काही दोष नव्हता. दोन्ही बहिणींना एका सतरंजीवर बसवताना विचार आम्ही करायला हवा होता.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत घर. आई-वडील दोघंही रोजानं शेतकामाला जात. मी पोचले तेव्हा आई नुकतीच निंदणाहून आली होती, बाहेरच्या दगडावर पाय धूत होती. मला बघून घाईघाईनं खुर्ची काढली, पदरानं पुसली. मुलगी आतल्या दारातून एकदा डोकावली आणि नाहीशी झाली.

"ते म्हन्ते, लहान पोरायसंगं बसत नाही," आई म्हणाली. "म्या म्हटलं, काहून बसोलं तुले लहान पोरायसंगं? तं सांगत नाही. रडते फक्त. शाळेत काही केलं का जी तिनं?"

"नाही, तिनं काही केलं नाही."

"मंग?"

उत्तराची वाट न बघता आई आत गेली आणि पत्र्याच्या पेटीतून वह्यांचा गठ्ठा घेऊन आली. पाचवीपासूनच्या सगळ्या वह्या, दोरीनं बांधलेल्या. तिनं दोर सोडला, सहावीची हिंदीची वही उघडली आणि माझ्याच लाल अक्षरांवर बोट ठेवलं.

"मले वाचता नाही येत, मॅडम. पन हे तुमीच लिवलं ना? तिनं सांगतलं, मॅडमनं 'लय सुंदर' लिवलं म्हनून. मंग आता तिले तिसरीत काहून घातलं?"

इतक्या सरळ प्रश्नाला वाकडं उत्तर देता आलं असतं. शासनाची नवी योजना आहे, सगळ्यांनाच बसवतोय, असं काहीतरी. जिभेवर आलंही होतं.

"तिला वाचता येत नाही," मी म्हणाले. "ती बघून उतरवते. अक्षर सुंदर आहे ते खरं. पण तिनं काय लिहिलंय ते तिलाच वाचता येत नाही. आणि हे मला वर्षभरात कळलं नाही. चूक तिची नाही. माझी आहे."

ती बाई वहीची पानं उलटत राहिली. मला वाटलं, आता रागावेल. रागावण्याचा तिला हक्क होता. शेजारच्या घरात कुणीतरी मिरची कांडत होतं, त्याचा ठसका येत होता.

"कोरोनात शाळा बंद झाल्या तवा ते दुसरीत होती," शेवटी ती म्हणाली. "उघडल्या तवा एकदम चौथीत. मोबाइलवर शिकवून राहिले म्हने सर लोक, आमच्याजवळ कुठचा मोबाइल. तवाच राह्यलं असन." मग तिनं वही मिटली आणि माझ्याकडे पाहिलं. "आता काय करता?"

तो आवाज मला आजही ऐकू येतो. त्यात रागही नव्हता आणि मोठेपणाही नव्हता. पिकावर कीड दिसली की शेतकरी कृषी केंद्रवाल्याला ज्या सुरात विचारतो, त्या सुरात तिनं विचारलं होतं.

"सोमवारपासून धाकटीला वरच्या गटात नेतो. तशीही ती पुढं गेलीय. हिच्या बाजूला हिच्या वयाच्या मुली बसवतो, अजून आहेत तशा. आणि तुम्हाला एक करावं लागेल. रोज संध्याकाळी तिच्याकडून थोडं वाचून घ्यायचं."

"मले का समजन, ते बरोबर वाचून राहिली का चूक?"

"अडखळली तर समजेल ना? अडखळली की परत वाचायला सांगायचं."

ती पहिल्यांदा हसली. "हे जमते मले. अडखळलेलं समजते."

दाराआडून मुलगी सगळं ऐकत होती. निघताना मी तिला इतकंच म्हणाले, "मी कोणाला सांगणार नाही म्हटलं होतं का? नव्हतं म्हटलं. पण आईला सांगितलं, बरं झालं की नाही?" ती दाराआड आणखी सरकली. सोमवारी मात्र आली.

आली खरी, पण मला शिकवता येत नव्हतं. सातवीच्या मुलीसमोर 'नल पर चल' धरलं की तिच्या तोंडावर जे येई ते मला बघवत नसे. असेच आठ-दहा दिवस गेले. एकदा वैतागून मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "जाऊ दे. काल रविवारी काय केलं ते सांगा."

सगळ्यांनी एकदमच बोलायला सुरुवात केली. आतापर्यंत गप्प बसणाऱ्या त्या मुलीलाही हुरूप आला. ती सांगायला लागली, आणि मी सहज तिचे शब्द फळ्यावर लिहायला लागले, जसे बोलली तसेच:

'काल मायसंगं संत्र्याच्या बगीच्यात गेली. लय माकडं आले. मायनं डबा वाजोला. एक माकड पयालंच नाही. ते मायकडेच पाहून राह्यलं.'

मुलं हसून लोटपोट झाली. मी म्हणाले, "आता वाच. तूच बोललीस ते आहे." तिनं फळ्याकडे पाहिलं, आणि वाचलं. पाठ होतं म्हणून वाचलं, हे उघड होतं. मग मी 'माकड' या शब्दाखाली रेघ मारली आणि विचारलं, "हे काय?" तिनं पहिल्या शब्दापासून मोजत मोजत ओळखलं. मग 'डबा'. मग मी सगळं पुसून फक्त 'मायनं डबा' इतकं लिहिलं, आणि ती थांबून, ओठ हलवून म्हणाली, "मायनं डबा." तिचा स्वतःचाच विश्वास बसला नव्हता. तिनं शेजारणीकडे पाहिलं, खरंच तेच लिहिलंय ना म्हणून.

त्या दिवसापासून आमचं पुस्तक फळ्यावर रोज नवं तयार व्हायला लागलं. आधी त्यांचं बोलणं, मग त्याच्याच खाली तीच गोष्ट हिंदीत. लिपी तर एकच. ज्या बाराखडीतून 'माकड' होतं त्याच बाराखडीतून 'बंदर' होतं, हे मुलांना एकदा हातात आलं की गाडी चालायला लागली.

आणि मलाही काही गोष्टी दिसायला लागल्या ज्या इतकी वर्षं डोळ्यांसमोर असून दिसल्या नव्हत्या. तिसरीच्या चाचणीत एका मुलानं सगळी उत्तरं पानाच्या अगदी तळाशी लिहिली होती आणि त्याला शून्य मिळालं होतं. मी त्याला विचारलं, असं का केलं? तो म्हणाला, "लिवलं होतं ना, खाली स्थान भरो. म्या खाली भरलं." हिंदीत 'खाली' म्हणजे रिकामं, आणि त्याच्या घरात खाली म्हणजे खाली. उत्तरं सगळी बरोबर होती. तिसरीच्या मॅडमनी तो पेपर परत तपासला आणि नंतर दोन दिवस जुने पेपर काढून बसल्या.

विज्ञानाच्या सरांना माझा फळा पटला नाही. एक दिवस दारात उभं राहून म्हणाले, "मॅडम, 'पाहून राह्यलं' हे तुम्ही फळ्यावर लिहिता? धड मराठीही नाही हे. शाळा हिंदीची आहे."

"घरी तुम्ही काय बोलता, सर?"

"घरची गोष्ट वेगळी."

तेही इथल्याच बोरगावचे. घरी आईशी ते हेच बोलत असणार. मी वाद वाढवला नाही, कारण त्यांचं एक म्हणणं खरं होतं: अभ्यासक्रम मागं पडत होता. रोज सव्वा तास जात होता, आणि आठवीची परीक्षा तर येणारच होती. मलाही धाकधूक होती.

सप्टेंबरात तपासणीला अधिकारी आले ते नेमके त्या सव्वा तासात. त्यांनी पाहिलं, सातवीच्या खोलीत चौथीची मुलं, बडे सर स्वतः सतरंजीवर बसून चिंचोक्यांनी 'क' काढताहेत. "वेळापत्रकाप्रमाणे आत्ता सातवीचं गणित आहे," ते म्हणाले. बडे सर उठले, कॅलेंडरचा तो कागद घेऊन आले, आणि म्हणाले, "साहेब, यातल्या कोण्याही पोराले बोलवा आणि ऐका. मग लिहा काय लिहायचं ते."

साहेबांनी चार मुलं ऐकली. दोघांनी बरं वाचलं, एक अडखळला, एक रडायला लागला. साहेबांनी शेऱ्यात लिहिलं की पाठ्यक्रम मागे आहे, तातडीने पूर्ण करावा. जाताना मात्र दारात थांबून त्या रडणाऱ्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवला. बडे सरांनी शेरा फाइलला लावला आणि आम्हाला सांगितलं, "त्यायचं बरोबर हाय. मागं हाय आपण. पन कायच्या मागं हाय ते आता आपल्याले माहीत हाय."

खरी परीक्षा कापूस फुटल्यावर आली. नोव्हेंबरात निम्मी मुलं सकाळी दिसेनात. मोठ्या मुली घरी लहान भावंडं सांभाळत किंवा शेतात डबा पोचवत, आणि मग अकरा-साडेअकराला शाळेत येत. तोपर्यंत गटाचा तास संपलेला असे. पूर्वी आम्ही हजेरीपटावर लाल शून्यं लावून पालकांना बोल लावला असता. बडे सरांनी तास उचलून मध्यान्ह भोजनानंतर नेला आणि सांगितलं, कडेवरचं भावंड घेऊन आलात तरी चालेल. त्या दोन महिन्यांत माझ्या गटात दोन-तीन रांगणारी लेकरं असायची. एकानं माझा डस्टर चावून ठेवला होता. पण मोठ्या मुली यायच्या.

जानेवारीत एक दिवस विज्ञानाचे सर घाईघाईनं माझ्या खोलीत आले. त्यांच्या हातात आठवीच्या एका मुलाचा पेपर होता.

"मॅडम, हा पोरगा तीन वर्षं गणितात नापास होतोय. मी त्याला मठ्ठ म्हणायचो. आज सहज शाब्दिक उदाहरण मी त्याला तोंडी सांगितलं, आपल्या भाषेत. बगीच्यात इतकी झाडं, एका झाडाला इतके संत्रे. बोलणं संपायच्या आत उत्तर दिलं त्यानं. गणित येते हो त्याला. प्रश्नच वाचता येत नव्हता." ते खुर्चीत बसले. "तीन वर्षं, मॅडम."

मी त्यांना पाणी दिलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या गणिताच्या तासाला आधी उदाहरण मुलांनी मोठ्यानं वाचायचं, आपल्या शब्दांत सांगायचं, मग पेन उचलायचं, असं सुरू झालं. अभ्यासक्रम जो मागं पडला होता तो फेब्रुवारीत झपाट्यानं पुढं सरकला. मुलांना आता वाचून समजत होतं, त्यामुळे एकच गोष्ट चारदा सांगावी लागत नव्हती. सगळा पूर्ण झाला असं म्हणणार नाही. शेवटचे दोन धडे राहिलेच.

त्याच फेब्रुवारीत एक गोष्ट घडली. शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर पालकांच्या सह्या घ्यायच्या होत्या. त्या मुलीची आई कामावर जाता जाता आली होती, डोक्याला रुमाल बांधलेला, हातात विळा. बाहेर ट्रॅक्टरवर बाकीच्या बाया तिची वाट बघत होत्या. ऑफिसात गर्दी. मी फॉर्म पुढं केला, शाईचा पॅड उघडला. तिनं अंगठा शाईत बुडवला आणि कागदाकडे नेला.

"माय, थांब."

मुलगी मागं उभी होती. पुढं झाली, फॉर्म स्वतःकडे ओढला आणि वाचायला लागली. बोट ठेवून, हळूहळू, काही शब्दांवर दोनदा. बाहेरून ट्रॅक्टरवाल्यानं भोंगा वाजवला. आईनं अंगठा तसाच हवेत धरून ठेवला होता. मी घाई केली नाही. रांगेतले दोघं-तिघं कुरकुरले.

"इथं बाबाचं नाव चुकलं हाय," ती म्हणाली. "मात्रा दुसरीच हाय. आधार कार्डावर अशी नाही."

मी चष्मा लावून पाहिलं. बरोबर होतं. चूक आमच्याच ऑफिसातून झाली होती. तसाच फॉर्म गेला असता तर पुढं कुठंतरी अडकला असता, आणि मग त्या बाईला कोणत्या कोणत्या खिडकीवर फिरावं लागलं असतं.

मला वाटलं, आईचे डोळे भरून येतील. माझे आले होते. तिनं मात्र अंगठा रुमालाला पुसला आणि लेकीला म्हणाली, "पाय बरं, अजून काही चुकलं हाय का."

मुलीनं पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

पुढच्या वर्षी ती आठवीत गेली आणि पास झाली. गुण फार नाहीत, गणितात तर जेमतेम. पण सगळे विषय तिनं एकदमच काढले. तिच्यासोबतच्या दोघांना पूरक परीक्षा द्यावी लागली. त्यातला एक पास झाला, दुसरा शाळा सोडून नागपूरला कामावर गेला. त्याला आम्ही उशिरा ऐकलं, असं मला अजून वाटतं. सगळी मुलं वाचायला लागली असं मी कोणाला सांगत नाही, कारण ते खरं नाही. पण आता पहिल्या रकान्यात पाचवीच्या वरचं नाव क्वचित असतं, आणि असलं तर आम्हाला ते जुलैतच माहीत असतं. सौंसरच्या खाजगी शाळेतून काही मुलं परत आली. बडे सर निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेल्या मॅडमनी गटांचा तास तसाच ठेवला, फक्त सतरंजीऐवजी बाकं मागवली, जी अजून आलेली नाहीत.

टीसी घ्यायला ती मुलगी आईसोबत आली होती. नववीसाठी सौंसरच्या हायस्कूलला नाव घालायचं होतं. पोरगी उंच झाली होती, बोलणं मात्र तसंच.

"मॅडम, नववीतलं विज्ञान कठीण असते का जी?"

"असतं."

"आमच्या सरायनं पन तेच सांगतलं." ती थोडी घाबरली होती. "मंग काय करू?"

"आधी दोनदा वाच. नाही समजलं तर हात वर कर आणि विचार. तिथं वर्गात साठ मुलं असतील. कोणी आपणहून तुझ्याकडे बघणार नाही. विचारशील?"

ती आईकडे बघून हसली. "पैले नव्हती विचारत मी. भेव लागे, कोनाले समजून जाईन म्हनून. आता विचारीन."

आईनं टीसी पिशवीत नीट ठेवली. सौंसरची बस फाट्यावर साडेअकराला येते आणि फाटा बराच लांब आहे, म्हणून दोघी घाईनं निघाल्या.